एकसर की समांतर: विद्युतधारा काढताना

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून १००० ओहमचा (तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांचा) आणि २००० ओहमचा (लाल-काळा-लाल) असे दोन रोध व ९ व्होल्टची बॅटरी आणली, की एकसर (एकापुढे एक) आणि समांतर (शेजारी-शेजारी) अशा दोन्ही जोडण्या ताडून पाहता येतात.

एकसर जोडणीत धारेला एकच वाट असल्याने रोधांची सरळ बेरीज होते. धारा म्हणजे व्होल्ट भागिले ओहम, म्हणून ३००० ओहममधून ३ मिलिअँपिअर धारा वाहते आणि विभवांतर (व्होल्टेज) ३ व ६ व्होल्ट असे विभागले जाते.

समांतर जोडणीत मात्र प्रत्येक रोधाला पूर्ण ९ व्होल्ट मिळतात. येथे रोधांच्या व्यस्तांकांची (१/१००० आणि १/२०००) बेरीज ३/२००० येते आणि पुष्कळ विद्यार्थी ती उलटवायला विसरतात, म्हणून मला शाखांवरून हिशेब करणे अधिक भरवशाचे वाटते: ९ आणि ४.५ मिळून १३.५ मिलिअँपिअर. ९ व्होल्टला या धारेने भागले, की दोन्हींचा मिळून परिणामी रोध सुमारे ६६७ ओहम, म्हणजे लहान रोधाहूनही कमी, आणि उत्तर बरोबर आहे का हे ताडण्याची हीच सर्वांत सोपी खूण आहे. मल्टिमीटरवर आकडे थोडे मागेपुढे येतील, कारण रोधांच्या छापील मूल्यांतच काही टक्क्यांची तफावत गृहीत असते.

एक रोध निसटला, तर एकसर परिपथात धारा पूर्ण थांबते. समांतर परिपथात दुसरी शाखा चालूच राहते, आणि घरातील वायरिंग समांतर असते ते यासाठीही.