विद्यार्थ्यांनी मांडलेली जोर्वे संस्कृती

पुरातत्त्व विभागाच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच विद्यापीठाच्या संग्रहातून, महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या) जोर्वे संस्कृतीवर मांडलेले हे प्रदर्शन एका दालनाचे असले, तरी पाहायला दीड तास लागला. लाल पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली तोटीची भांडी परिचयाची होती. परंतु एकच खापर हाती देऊन त्याची कड, जाडी आणि भाजणी कशी पाहायची, हे समजावणाऱ्या विद्यार्थिनीचा आत्मविश्वास केवळ व्याख्याने ऐकून आलेला नव्हता. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलेल्या, पुणे जिल्ह्यातील इनामगाव या याच संस्कृतीच्या वस्तीत मृत बालकांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत पुरत असत, याविषयीचा फलक विशेष संयत होता. प्रकाशयोजना मात्र फसली आहे. काचेवरील चकाकीत निम्मी नक्षी हरवते.