२५, २८ की ३२? रोडबाइकला रुंद टायर घालण्याआधी

टायर झिजले की प्रश्न येतो: आहे तोच २५ मिमी पुन्हा घालायचा, की २८, ३० किंवा थेट ३२ वर जायचं? पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे कुणी विचारत नसे. २३ मिमीचा टायर, त्यात ११०-१२० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा, आणि जितका टणक तितका वेगवान असा सगळ्यांचा समज. आज पॅरिस-रूबे शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर ३० ते ३२ मिमी टायर सर्रास दिसतात आणि साध्या डांबरावरच्या शर्यतींतही २८ नेहमीचा झाला आहे.

पण रुंदीचा आकडा ही अर्धीच गोष्ट. रुंद टायर घेणं म्हणजे कमी हवेवर चालवण्याची मुभा घेणं. ती मुभा वापरलीच नाही, तर आराम, वेग, टिकाऊपणा यातलं काहीच पदरात पडत नाही. "३२ घातले पण काही फरक नाही" अशी तक्रार ऐकली की आधी विचारावं, हवा किती भरली होती?

रुंदीने नक्की काय बदलतं

टायरच्या आतली जागा ढोबळमानाने रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २५ वरून २८ ला ती सव्वापट होते, ३२ ला सुमारे १.६ पट. खड्ड्याची कड लागल्यावर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये काय आहे, तर हीच हवा.

आता रस्त्यावर उमटणारा ठसा बघा. मागच्या चाकावर ४५ किलो भार आणि टायरमध्ये ८० पीएसआय, म्हणजे सुमारे ५.५ बार हवा असेल, तर टायर जवळपास ८ चौरस सेंमी जागेवर टेकतो. टायर २५ चा असो की ३२ चा, हवा तीच असेल तर क्षेत्रफळ जवळजवळ तेच. आकार मात्र बदलतो. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. ठसा लांबट असला की टायर जास्त दबतो, चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात रबर आणि आतले धागे जास्त वाकतात, आणि पायाने घातलेली शक्ती उष्णतेत जाते. म्हणून सारख्या हवेवर रुंद टायर जास्त सहज लोळतो.

मग ३२ मध्येही ८० पीएसआय भरायची का? मुळीच नाही. टायरच्या कापडावरचा, म्हणजे रबराखालच्या धाग्यांच्या थरावरचा ताण हवेचा दाब गुणिले टायरची रुंदी या हिशोबाने वाढतो. ३२ मध्ये ८० पीएसआय भरली की कापडावर २५ मध्ये १०० पीएसआय भरल्याइतका ताण येतो. बसायला तो टायर जुन्या २५ पेक्षाही कडक लागतो, आणि वर वजन जास्त. पैसे जाऊन त्रास घरी आणण्याचा हा हमखास मार्ग.

हवा किती

स्वार, सायकल, पाणी आणि सामान मिळून ८५ किलो, ट्यूब असलेले टायर आणि सर्वसाधारण डांबरी रस्ता धरून सुरुवातीचे आकडे असे:

| प्रत्यक्ष मोजलेली रुंदी | पुढे (पीएसआय) | मागे (पीएसआय) |
|---|---|---|
| २५ मिमी | ८० | ८५ |
| २८ मिमी | ६८ | ७२ |
| ३० मिमी | ६२ | ६६ |
| ३२ मिमी | ५६ | ६० |

एकूण वजनात १० टक्के फरक असेल तर हवाही तितक्याच टक्क्यांनी कमी-जास्त करा. ट्यूबलेसला आणखी ३-५ पीएसआय कमी चालते, कारण चिमटायला आत ट्यूबच नसते. रस्ता खराब असेल तरी कमी करायची. बऱ्याच जणांचा हात इथे उलट्या दिशेने जातो.

अंगठ्याने टायर दाबून हवा ठरवू नका. ६० आणि ८० मधला फरक अंगठ्याला कळत नाही, आणि पंपावरचा काटाही चार-पाच पीएसआयने सहज चुकतो. २५ च्या टायरला ते चालून जायचं. ३२ ला ५६ ऐवजी ५१ पडली तर वळणावर जाणवतं, म्हणून हातात धरायचा छोटा डिजिटल गेज घेतलेला बरा. तापमानाचाही हिशोब धरा. पहाटेच्या गारव्यात भरलेली ७० पीएसआय हवा १० अंश तापमान वाढलं की साधारण ७३ होते.

वेग

गुळगुळीत लोखंडी ड्रमवर टायर फिरवून मोजलं तर हवा जितकी जास्त तितका रोध कमी दिसतो. गैरसमजाचं मूळ हेच. खरा रस्ता खरबरीत असतो. तिथे टणक टायर प्रत्येक खडीवरून उडतो, सायकल आणि स्वार वर उचलले जातात, आणि ती शक्ती अंगातल्या थरथरीत विरते. म्हणजे हवा वाढवत नेली की एका मर्यादेपर्यंत फायदा होतो आणि त्यापुढे तोटा झपाट्याने वाढतो. रस्ता जितका खडबडीत, तितकी ही मर्यादा खाली. दोन्ही बाजूंची चूक सारखी महाग नाही हेही लक्षात ठेवा. ५ पीएसआय कमी पडली तर नुकसान किरकोळ, तेवढीच जास्त झाली तर बरंच. टायर भाराखाली आपल्या उंचीच्या सुमारे १५ टक्के दबावा, हा सायकल तंत्रज्ञानावर लिहिणारे फ्रँक बर्टो यांचा जुना ठोकताळा ढोबळ तपासणीला आजही चालतो. २८ चा टायर म्हणजे साधारण ४ मिमी.

वाऱ्याचा हिशोब वेगळा. रिमची बाहेरची रुंदी टायरच्या प्रत्यक्ष रुंदीच्या किमान १०५ टक्के असावी, असा सायकल-चाकांचे अभियंते जॉश पोर्टनर यांचा नियम आहे. टायर २८ मोजला तर रिम २९.४ मिमी हवी. रिम त्याहून अरुंद असेल तर टायरवरून आलेली हवा रिमला नीट चिकटत नाही आणि वारा कापायला बनवलेल्या खोल रिमचा फायदा बराच वाया जातो. ताशी ४० किमी वेगाने एकट्याने धावणाऱ्याने याचा विचार करावा, तोही मुख्यतः पुढच्या चाकासाठी. ताशी २५-२८ किमी सरासरीने फिरणाऱ्याने यापायी झोप घालवू नये.

खरा फरक रुंदीपेक्षा टायरच्या जातीत असतो. ड्रमवरच्या चाचण्यांत ताशी २९ किमी वेगाला कॉन्टिनेंटल जीपी५००० सारखा शर्यतीचा टायर १०-११ वॅट खातो, तर गेटरस्किनसारखा जाड चिलखती टायर १८-२० वॅटच्या घरात जातो. तेही एका चाकामागे. म्हणजे मऊ कापडाचा २८ सोडून जाड कापडाचा ३२ घेतला तर सायकल मंद होणार, आणि बिचाऱ्या रुंदीच्या नावाने बोटं मोडली जाणार. वजनाची धास्तीही फारशी घेऊ नका. चांगल्या प्रतीचा २५ सुमारे २२० ग्रॅम, २८ सुमारे २४०, ३२ सुमारे ३०० ग्रॅम भरतो. २५ वरून ३२ वर गेलात तर जोडीमागे दीडशे-एकशेसाठ ग्रॅम वाढतात. अर्ध्या बाटली पाण्याहून हे कमीच.

टिकाऊपणा

टिकाऊपणाच्या बाबतीत रुंदीला नको तेवढं श्रेय दिलं जातं. रिम आणि रस्ता यांत ट्यूब चिमटून साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन छिद्रं पडतात. ते पंक्चर रुंद टायरमध्ये खरंच कमी होतं, अर्थात हवा जागेवर असेल तर. टायर मऊ असल्याने काचेच्या तुकड्यावर तो आपटत नाही, थोडा दबून पुढे जातो, त्यामुळे कापही कमी बसतात. काटा किंवा तार मात्र रुंदी बघून थांबत नाही. ते अडवायला ट्रेडखालचा, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराखालचा संरक्षक पट्टा लागतो. तो मधल्या भागापुरता आहे की काठापासून काठापर्यंत, हे घेण्याआधी विचारून घ्या. टीपीआय म्हणजे एक इंचातले धागे. ६० टीपीआयचं कापड जाड आणि दणकट, १२० चं लवचीक पण बाजूने फाटायला सोपं. काही कंपन्या तीन थरांची बेरीज करून ३३० वगैरे आकडा छापतात, त्याला भुलू नका.

मागचा टायर पुढच्यापेक्षा दुप्पट वेगाने, कधी त्याहून लवकर झिजतो. मधोमध सपाट पट्टा दिसू लागला, झीज दाखवणारे बारीक खळगे बुजले किंवा कापातून धागे डोकावले की टायर काढा. मागचा झिजलेला टायर पुढे कधीही लावू नका. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर नाही. पुढचा टायर मागे टाकून नवा पुढे घालणं हाच योग्य क्रम.

ट्यूबलेसचा विचार असेल तर रुंदी कामी येते. ७० पीएसआयच्या वर सीलंट (छिद्र बुजवणारा आतला द्रव) छिद्रात टिकण्याआधीच बाहेर फवारलं जातं. ५५-६० वर तेच छिद्र चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत बुजतं. २८ ला ३०-४० मिली आणि ३२ ला ४५ मिलीच्या आसपास सीलंट घाला आणि दर दोन-तीन महिन्यांनी आत ओल आहे का ते पाहा. उष्ण हवेत ते लवकर सुकतं. २५ ला ट्यूबलेस करण्याचा खटाटोप आमच्या मते फायद्याचा नाही.

सायकलमध्ये बसेल का

सगळी तुलना या प्रश्नावर येऊन अडते. टायरवर छापलेला आकडा फ्रेमला कळत नाही, फुगल्यावरची रुंदी कळते. रिमची आतली रुंदी १ मिमीने वाढली की टायर साधारण ०.४ मिमी पसरतो. १५ मिमीच्या जुन्या रिमवर २८ भरणारा टायर २१ च्या रिमवर ३० च्या पुढे जातो. वरून हवा भरल्यावर पहिल्या दिवसभरात तो थोडा आणखी ताणतो. म्हणून मोजमाप दुसऱ्या दिवशी व्हर्नियरने घ्या.

जागा तपासायला एलन कीचा संच पुरे. सध्याचा टायर पूर्ण हवेवर ठेवून संचातल्या की चार ठिकाणी सरकवून किती मिमी जागा आहे ते बघा: फोर्कच्या आत माथ्याखाली, फोर्कच्या दोन्ही पायांशी, पेडलच्या आसामागे चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या) जुळतात तिथे, आणि सीटस्टेच्या (सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्यांच्या) पुलाखाली. २५ वरून २८ वर गेलं की प्रत्येक बाजूची जागा सुमारे दीड मिमीने आणि वरची सुमारे ३ मिमीने घटते. नव्या टायरसह कुठेही किमान ४ मिमी उरायला हवी, फ्रेम बनवणाऱ्याने जास्त सांगितली असेल तर तेवढी. स्थिर चाकाला २ मिमी जागा दिसते म्हणून निवांत राहू नका. उभं राहून जोर लावला की चाक मिमीभर झुकतं, आणि ओल्या रस्त्यावर टायरला चिकटलेली रेती चेनस्टेच्या आतल्या बाजूला कानशीसारखी घासते. कार्बनवर सुरुवातीला फक्त रंग गेल्यासारखा मंद पट्टा दिसतो. तो दिसला तर टायर त्याच दिवशी काढावा. मडगार्ड असतील तर आणखी ४ मिमी वजा धरा.

रिमब्रेक असेल तर बहुतेकदा कॅलिपरच, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी धरणारा ब्रेकचा चिमटाच, आधी नाही म्हणतो. शिमानोचे आर९१००, आर८००० आणि आर७००० हे कॅलिपर २८ पर्यंत घेतात, त्याआधीचे बहुतेक २५ पर्यंतच. शिवाय ३० मोजणारा टायर ब्रेक उघडूनही पॅडमधून निघत नाही. चाक काढायला प्रत्येक वेळी हवा सोडावी लागते, आणि पंक्चर काढून फुगवलेलं चाक परत बसवताना तर चिडचिड ठरलेली. डिस्कब्रेकच्या बऱ्याच नव्या सायकली ३२ सहज घेतात. फ्रेमची मर्यादा कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेली असते, ती ओलांडू नये.

रिमचं गणितही जुळावं लागतं. आत १५ मिमी असलेल्या रिमवर ३२ बल्बसारखा फुगतो आणि वळणावर डोलतो, तिथे २८ वर थांबा. १७-१९ ला २८ ते ३२ छान बसतात. २३-२५ च्या रिमला ३० किंवा त्याहून रुंदच घाला. हुकलेस रिम (टायरची कड धरणारा आत वळलेला हूक नसलेली) असेल तर दोन अटी कडक आहेत: टायरवर हुकलेससाठी चालेल असं स्पष्ट छापलेलं हवं, आणि हवा ५ बारच्या, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर जाता कामा नये. आता वरचा तक्ता पुन्हा पाहा. एकूण ८५ किलोला, ट्यूब असेल तर, २८ च्या मागच्या टायरमध्ये बरोबर ७२ लागतात. म्हणजे हुकलेसवर ट्यूब घालून एकूण वजन त्याहून जास्त असेल तर २८ बादच. ३० किंवा ३२ घ्या.

मग कुणी काय घ्यावं

रिमब्रेकची सायकल, फ्रेममध्ये जेमतेम जागा: पुढे २८, मागे बसेल ते, अगदी २५ सुद्धा. पुढचा टायर रुंद असला की हाताला येणाऱ्या मुंग्या आणि वळणावरची धास्ती दोन्ही कमी होतात. डिस्कब्रेक, गुळगुळीत रस्ते आणि गटात वेगाने पळण्याची हौस असेल तर २८ किंवा ३०. लांब पल्ला, मिश्र रस्ते, वजन ८० किलोच्या वर किंवा सोबत सामान असेल तर निःसंकोच ३२, फक्त मऊ कापडाचा. आमचं मत विचाराल तर जागा असताना २५ घेण्याला आता कारण उरलेलं नाही. ३२ च्या पुढे मात्र साध्या डांबरावर फायदा पटकन घटतो.

घालताना ट्यूबचा आकडा पाहा. १८-२५ ची ट्यूब ३२ मध्ये ताणून पातळ होते, हवा लवकर सोडते आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते. सायकल कॉम्प्युटरमध्ये चाकाचा परीघ बदला: २५ ला २१०५ मिमी, २८ ला २१३६, ३२ ला २१५५. तो जुनाच राहिला तर ३२ वर वेग सव्वादोन-अडीच टक्क्यांनी कमी दिसतो आणि उगाच टायर मंद असल्याचा ग्रह होतो. लहान मापाच्या फ्रेममध्ये वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का तेही तपासा, कारण चाकाची त्रिज्या ७-८ मिमीने वाढलेली असते.

मग तक्त्यातल्या आकड्यापासून सुरू करा आणि त्याच ओळखीच्या रस्त्यावर दर फेरीला ३ पीएसआय कमी करत जा. उभं राहून पेडल मारताना पुढचा टायर लडबडला किंवा खड्ड्याच्या कडेला रिम टेकल्याचा ठक्क आवाज आला, की ३ पीएसआय परत वाढवा. पुढचा आणि मागचा असे दोन्ही आकडे चिकटपट्टीवर लिहून पंपाच्या नळीवर डकवा.