ब्रशची मोटार सांभाळावी की ब्रशलेस बसवावी?

गळीत हंगाम सरत आला आणि तोड झालेली रानं मोकळी पडली की आमच्याकडं कोल्हापुरात रिमोटवर उडवायची छोटी विमानं माळ्यावरून खाली येतात. दरवर्षी कुणीतरी तोच प्रश्न घेऊन येतो. यंदा मावसभावाचा मुलगा आला. हातात चार फूट पंखांचं फोमचं विमान, नाकात 400 नंबरची जुनी ब्रशची मोटार. "काका, ही दम धरत नाही. साफ करून चालेल का नवी ब्रशलेस घालू?"

मी म्हटलं, आधी वजन करून आण. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर बॅटरीसकट 820 ग्रॅम भरलं.

शिकाऊ विमान आरामात चढायचं तर किलोला दीडशे ते दोनशे वॅट लागतात. ही वीज मोटारीत जाणारी, प्रॉपवर, म्हणजे नाकावरच्या पंख्यावर, पोचणारी नव्हे. पोराच्या विमानाला म्हणजे साधारण 125 ते 165 वॅट हवेत. मोटारीला सहा सेलची 7.2 व्होल्टची निकेलची बॅटरी होती. जोर पडला की ती साडेसहा व्होल्टवर बसायची आणि मीटरवर 10 अँपिअर दिसायचे. गुणाकार केला की 65 वॅट, त्यातलाही मोठा हिस्सा मोटार तापवण्यात जाणारा. आता ही मोटार कितीही घासूनपुसून लखलखीत केली तरी तिची मूळची ताकद तेवढी परत येईल, जी कधी नव्हतीच ती कुठून येणार? त्याच्या बाबतीत निकाल तिथंच लागला. पण सगळ्यांचाच असा लागत नाही. तीन-साडेतीनशे ग्रॅमचं हलकं विमान असेल, पूर्वी नीट उडत असेल आणि आताच मंदावलं असेल, तर जुनी मोटार टाकायची घाई नको.

जुनीत काय दुरुस्त होतं

ब्रशच्या मोटारीत कार्बनचे दोन तुकडे, म्हणजेच ब्रश, कम्युटेटरवर, म्हणजे शाफ्टवरच्या खाचांच्या तांब्याच्या कड्यावर, स्प्रिंगनं दाबलेले असतात. कम्युटेटर फिरतो, कार्बन झिजतो, त्याची काळी भुकटी खाचांत बसते आणि ठिणग्या वाढतात. मंदावण्याचं कारण बहुधा हेच. काँटॅक्ट क्लीनरची फवारणी करून, प्रॉप काढून, मोटार कमी व्होल्टवर दोन मिनिटं फिरवली की पुष्कळ घाण निघते. मग शाफ्ट ज्यांत फिरतो त्या दोन्ही बुशांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. थेंबच. तेल कम्युटेटरवर गेलं की कार्बनबरोबर त्याचं काजळ होतं आणि मोटार पहिल्यापेक्षा वाईट चालते.

नवी ब्रशची मोटार आणली तर ती थेट पूर्ण ताकदीवर नेऊ नका. नवे ब्रश सपाट असतात आणि कम्युटेटर गोल, त्यामुळं सुरुवातीला ते कडेलाच टेकतात. दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे तीन व्होल्टवर, बिनप्रॉपची तासभर फिरू द्या. ब्रश गोलाई घेतात. काहीजण हेच काम मोटार पाण्यात बुडवून झटपट करतात. मला ते पटत नाही, पाण्यानं बुश गंजलेले मी पाहिलेत.

टर्मिनलवरचे 104 छापलेले छोटे कपॅसिटर तुटले असतील तर आधी ते लावा. ठिणग्यांची खरखर रेडिओत शिरते आणि सर्व्हो, म्हणजे शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटारी, थरथरतात, मग लोक रिसीव्हरला दोष देत बसतात.

आणि मर्यादा अशी: स्वस्त 400 मोटारीचा डबा दाबून बंद केलेला असतो. ब्रश संपले की मोटार संपली. तेव्हा सांभाळायचं म्हटलं तरी ती मेणबत्तीसारखी, जळेल तेवढीच.

नवीत काय मिळतं, आणि काय काय बदलावं लागतं

आपल्याकडं बहुतेकांची पहिली ब्रशलेस 2212 असते. 22 मिलिमीटर व्यासाचा, 12 मिलिमीटर उंचीचा स्टेटर, म्हणजे गुंडाळीचा न फिरणारा भाग, त्याला बारा दात आणि बाहेरच्या फिरत्या वाटीत चौदा चुंबकं. ब्रश नाहीत, घासायला काही नाही. वजन पन्नासेक ग्रॅम, म्हणजे सत्तर ग्रॅमच्या 400 पेक्षा हलकी, आणि काम दुप्पट.

पण मोटार एकटी येत नाही. जुन्या मोटारीला दोन तारा, हिला तीन. मोटारीचा वेग कमीजास्त करणारा जुना स्पीड कंट्रोलर हिला चालवू शकत नाही, तो बदलायचाच. निकेलची बॅटरी जाऊन तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी येते, तिचा चार्जर वेगळा, कनेक्टर वेगळे, प्रॉपही वेगळा. मोटार आणि 30 अँपिअरचा कंट्रोलर हजाराच्या आसपास येतो म्हणून पोरं खूश होतात. बॅटरी आणि चार्जर धरले की खरा आकडा दिसतो. ज्याच्याकडं लिपोचं सामान आधीच आहे त्यानं फार विचार करू नये, ब्रशलेस घ्यावी. ज्याला शून्यापासून सगळं घ्यायचंय आणि विमान हलकं आहे, त्यानं जुनीवर अजून एक हंगाम काढला तरी काही बिघडत नाही.

एक मधला मार्ग लोक काढतात: मोटार ब्रशचीच ठेवून बॅटरी तेवढी लिपो घालायची. इथं दोनदा विचार करा. जुना कंट्रोलर निकेलसाठी बनलेला असतो, लिपो किती उतरल्यावर थांबायचं हे त्याला माहीत नसतं. एका दुपारी बॅटरी फुगून बसते. शिवाय 7.2 च्या जागी 11.1 व्होल्ट दिले की तोच प्रॉप कितीतरी जास्त करंट ओढतो. गणित सरळ आहे. व्होल्ट दीडपट झाले की फेरे जवळपास दीडपट होतात, करंट सव्वादोन पट आणि वॅट तिप्पट-साडेतिप्पट. जुन्या मोटारीचे ब्रश मग महिनाभरही टिकत नाहीत.

केव्हीच्या आकड्याला भुलू नका

माझी चूक सांगतो. पहिली ब्रशलेस घेताना 1000, 1400 आणि 2200 अशा तीन केव्हीच्या 2212 समोर होत्या, किंमत जवळजवळ तीच. मला वाटलं, 2200 म्हणजे सगळ्यांत ताकदवान. तिला घरात होता तो 9 इंची प्रॉप लावला. टेबलावरच पंधरा सेकंदांत वास आला, जळक्या एनॅमलचा. शेतातली पाण्याची मोटार जळल्यावर येतो तोच.

केव्ही म्हणजे ताकद नव्हे, बिनप्रॉपच्या मोटारीचे दर व्होल्टला किती फेरे, तेवढंच. 1000 केव्हीला 11.1 व्होल्ट दिले की सुमारे 11,100 फेरे. आकार तोच, गुंडाळी वेगळी. जास्त केव्हीला लहान प्रॉप, कमी केव्हीला मोठा. 2200 ला तीन सेलवर सहा इंची प्रॉप शोभतो आणि विमानही वेगवान हवं. सावकाश उडणाऱ्या चार फुटी विमानाला 1000 केव्ही आणि 8 किंवा 9 इंची प्रॉप. दहा इंचीही चालतो म्हणतात, चालतोही, पण मग मोटार आपल्या मर्यादेच्या काठावर असते.

प्रॉपचा एक इंच किरकोळ वाटतो. तेवढ्याच फेऱ्यांना लागणारी ताकद व्यासाच्या चौथ्या घातानं वाढते. 8 चा 9 केला की दीडपटीच्या वर, चक्क साठ टक्के जास्त. म्हणून मोटारीच्या आधी वॅटमीटर घ्या. पोराच्या विमानात 1000 केव्ही आणि 9 इंची प्रॉप लावून मीटर जोडला तेव्हा 11 अँपिअर, 11.2 व्होल्ट, म्हणजे 123 वॅट आले. हवे होते त्याच्या अगदी खालच्या काठाला, पण मोटारीवर बोट टेकवता येत होतं. मी तिथंच थांबवलं. बोट टिकत नसेल तर प्रॉप लहान करा, कारण साधी निओडायमियम चुंबकं 80 अंशांच्या पुढं कायमची कमजोर व्हायला लागतात. चुंबक कमजोर झालं की केव्ही वाढतो, करंट वाढतो, मोटार आणखी तापते. हे चक्र एकदा सुरू झालं की मोटार वाचत नाही.

विमान सव्वा किलोच्या वर असेल तर 2212 ला राबवू नका, एक आकार मोठी घ्या. आणि आतला भाग फिरणारी लांबट ब्रशलेस, जिला इनरनर म्हणतात, ती डक्टेड फॅनच्या, म्हणजे नळीत बसवलेल्या पंख्याच्या, जेटसाठी किंवा गिअरबॉक्ससोबत. शिकाऊ विमानात तिचं काम नाही.

बसवताना

2212 चा शाफ्ट 3.17 मिलिमीटर. बाजारातले काही अडॅप्टर 3 मिलिमीटरचे असतात, ते बसत नाहीत. आपल्या मिस्त्रींच्या भाषेत सांगायचं तर शाफ्ट बरोबर एक सूत. आमच्या रानात उतरताना खोडव्याचे सड असतात, म्हणून मी रबरी रिंगचा प्रॉप सेव्हर वापरतो. प्रॉप आपटला की रिंग निसटते, शाफ्ट वाचतो. गुळगुळीत जमिनीवर चाकांनी उतरणाऱ्यानं शाफ्टवर आवळून बसणारा कॉलेट लावावा, तो जास्त सरळ फिरतो.

मोटार पाठीमागून ज्या स्क्रूंनी आवळतात त्यांची लांबी मोजाच. एक मिलिमीटर जास्त झाला की टोक गुंडाळीला टेकतं आणि शॉर्ट. नवी कोरी मोटार पहिल्या मिनिटाला मारायची ही खात्रीची रीत आहे. मोटार उलटी फिरली तर घाबरू नका, तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा. फिरण्याऐवजी नुसती थडथडत असेल तर एखादी तार सुटली आहे किंवा तिचा सोल्डरचा डाग कच्चा आहे. तशीच रेटलीत तर कंट्रोलर जातो. आणि हे सगळं प्रॉप काढून करायचं.

नवी मोटार वीस ग्रॅमनं हलकी म्हणजे नाक हलकं. बॅटरी पुढं सरकवून तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांशात आणा. ताकद वाढली की थ्रॉटल देताच नाक वर उठतं आणि डावीकडं ओढतं, तेव्हा मोटारीखाली वॉशर घालून तिला दोन-तीन अंश खाली आणि उजवीकडं वळवायचं.

ब्रशलेसची देखभाल कमी, पण आहे

बाहेरची वाटी उघडी फिरते आणि आत चुंबकं, हीच तिची दुखरी जागा. मी उद्यमनगरात, आमच्या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, एका ओळखीच्या लेथवर्कशॉपच्या टेबलावर मोटार उघडली होती. घरी येऊन फिरवली तर करकर. चुंबकांवर लोहकीस चिकटला होता, बीड घासलेली बारीक काळी पूड. ती फुंकरीनं जात नाही. चिकटपट्टी आत दाबून दाबून दोन तास गेले. कागद पसरून, घरात, स्वच्छ जागी उघडा.

बाकी बेअरिंग. हातानं फिरवल्यावर खरखर लागली की एक थेंब पातळ तेल, तरी आवाज राहिला तर बदला. जुन्यावरचा नंबर वाचून उद्यमनगरातल्या बेअरिंगच्या दुकानात विचारा, पार्सलची वाट बघायला नको. शाफ्ट वाकला का, हे काचेवर लोळवून कळतं. वाटीच्या बारीक स्क्रूला थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक, लावा, नाहीतर वाटी हवेतच सुटायची. चिखलात पडली तर गुंडाळीचं फारसं बिघडत नाही, बेअरिंग मात्र गंजतात, म्हणून त्याच दिवशी धुऊन, वाळवून, तेल घाला. कंट्रोलर भिजला तर त्याला चांगला वाळल्याशिवाय बॅटरी लावू नका.

जळलेली गुंडाळी पुन्हा भरावी का? पंपाच्या मोटारी भरणारे कोल्हापुरात गल्लोगल्ली, म्हणून मी माझी ती 2200 एकाकडं नेली. तो हसला. "भावा, हिच्या खाचंत माझं नख जाईना, तार कशी घालू?" पण स्टार आणि डेल्टा, म्हणजे गुंडाळीची टोकं जोडायच्या दोन पद्धती, त्याला मला सांगता येईल त्यापेक्षा चांगल्या कळत होत्या. तेवढ्याच वेढ्यांना स्टारची डेल्टा केली की केव्ही 1.73 पट होतो, हे त्यानं पंपाच्या भाषेत समजावलं. शेवटी मी स्वतः रविवारी बसून भरली. शिकायला उत्तम, पैशाच्या हिशेबानं वेडेपणा.

ताकद वाढली की उंचीही वाढते, हे लक्षात ठेवा. 65 वॅटवर दोनशे फूट गाठताना पोराची बॅटरी संपायची, आता काही सेकंदांत गाठतो. उजळाईवाडी विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवी हद्द, म्हणजे परवानगीशिवाय उडवायची, दोनशे फुटांपर्यंतच आहे आणि आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनच्या संकेतस्थळावरच्या नकाशात आपलं रान बघून ठेवा.

पोरानं जुनी 400 मात्र टाकली नाही. साफ केली, ती पुन्हा घुमायला लागली. आता थर्माकोलचं तीनशे ग्रॅमचं विमान करायचं म्हणतोय तिच्यासाठी. वजन काट्यावर दाखव, मग बोलू, असं सांगून ठेवलंय.