स्पर्धात्मक फुटबॉल क्लब : फी भरण्याआधी बाकावरची पोरं मोजा

‘अभिनंदन, निवड झाली’ असा मेसेज येतो आणि त्याच्या पाठोपाठ फीचा. जागा मोजक्या आहेत, दोन दिवसांत पैसे भरा. आठवड्यातून दोनदा हौसेखातर चालणाऱ्या वर्गातून निवड चाचणी घेणाऱ्या, लीग खेळणाऱ्या क्लबात मूल घालायचं तर हे दोन दिवस सगळ्यात महत्त्वाचे. पण बहुतेक पालक ते जर्सीचा नंबर ठरवण्यात घालवतात.

सेवा म्हणून या क्लबांकडे पाहिलं तर एक गोष्ट लगेच दिसते. जाहिरातीत दाखवतात ते वेगळं असतं आणि मुलाच्या पदरात पडतं ते वेगळं. जाहिरातीत करंडक असतात, ‘एलिट’ आणि ‘प्रीमियर’ असे शब्द असतात, एखाद्या मोठ्या व्यावसायिक क्लबचं चिन्ह असतं. हे चिन्ह कित्येकदा नाव वापरण्याच्या करारापुरतंच असतं. त्या क्लबचा माणूस वर्षातून किती दिवस मैदानावर येतो, हे विचारलं की कळतं. मुलाच्या पदरात मात्र दोनच गोष्टी पडतात: सरावात चेंडूला झालेले टच आणि सामन्यात मिळालेली मिनिटं. दोन्ही मोजता येतात, आणि क्लबची खरी प्रत संघातल्या पहिल्या पोरावरून कळत नाही, यादीतल्या चौदाव्या-पंधराव्या पोरावरून कळते.

आधी मिनिटांचा हिशेब. 11-12 वर्षांच्या गटात बऱ्याच ठिकाणी 9 विरुद्ध 9 खेळतात, 30-30 मिनिटांचे दोन डाव. म्हणजे एका संघाला वाटायला 540 मिनिटं. गोली पूर्ण सामना उभा राहिला तर मैदानावरच्या बाकीच्यांसाठी 480. संघात 12 मुलं असतील तर प्रत्येकाला साधारण 43 मिनिटं येतात, 16 असतील तर 32. हा झाला अगदी समान वाटपाचा हिशेब. प्रत्यक्षात अटीतटीच्या सामन्यात कोच आपले भरवशाचे सहा-सात जण काढतच नाही, आणि शेवटच्या चौघांच्या वाट्याला आठ-दहा मिनिटं येतात, तीही निकाल लागून गेल्यावर. संघ फुगतो त्याचं कारण साधं आहे. मैदानाचं भाडं आणि कोचचं मानधन 12 मुलांना तेवढंच आणि 16 मुलांनाही तेवढंच. वरच्या चार फिया सरळ क्लबच्या खात्यात. म्हणून पहिला प्रश्न ‘संघात जास्तीत जास्त किती मुलं घेणार?’ आणि दुसरा ‘सामन्यात किमान किती वेळ देणार?’. 12 वर्षांखालच्या मुलाला निम्मा सामना मिळत नसेल तर तो क्लब त्याच्या कामाचा नाही, मग भिंतीवर कितीही ढाली असोत. ‘वेळ कमवावा लागतो’ हे उत्तर 16 वर्षांच्या गटात चालेल. नऊ वर्षांच्या पोराने बाकावर बसून काय कमवायचं?

ट्रायलबद्दल फार गूढ तयार केलेलं असतं, तेवढं त्यात नसतं. पाठीवर नंबर, थोडा वॉर्मअप, चेंडूवरचे एकदोन प्रकार आणि मग छोटे सामने. निवड होते ती मुख्यतः छोट्या सामन्यांवरून. जाणता कोच गोल मोजत बसत नाही. चेंडू पायाशी येण्याआधी मूल मान वळवून आजूबाजूला बघतं का, पहिल्या टचला चेंडू मोकळ्या बाजूला जातो का, आणि चेंडू गेल्यावर पुढच्या तीन सेकंदांत ते काय करतं, हे तो बघतो. हात झटकून उभं राहणारं मूल तिथेच मागे पडतं. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत, आदल्या दिवशी जोराचा सराव नको, आणि वीस मिनिटं आधी पोचावं. बाकी तयारी त्या आठवड्यात होण्यासारखी नसतेच.

आधी विचारायचं ते हे: ‘जागा किती रिकाम्या आहेत?’ जुने खेळाडू कायम ठेवून उरलेल्या दोन जागांसाठी पन्नास मुलं बोलावणं सर्रास चालतं, आणि ट्रायलची फी वेगळी असली तर मग विचारायलाच नको. निवडीच्या पत्रात संघाचं नाव, कोचचं नाव आणि मुलांची संख्या लिहून घ्यावी. ‘आमच्या पूलमध्ये घेतलंय, संघ नंतर ठरवू’ याचा अर्थ फी आत्ता, जागा बघू. ट्रायलला शिट्टी हातात घेऊन उभा असलेला मुख्य कोच पुढे वर्षभर दुसऱ्याच संघाबरोबर दिसतो, हीही नेहमीची गंमत. आपल्या मुलाला शिकवणारा कोण, त्याच्याकडे कोणतं लायसन्स आहे आणि तो एकूण किती संघ सांभाळतो? तीन संघ असतील तर सुटीच्या दिवशी सामने एकाच वेळी पडणार, आणि तुमच्या संघाला कोणाचा तरी बाबा उभा राहणार, हे गृहीत धरावं.

निवडीतला एक दोष जगभर दिसतो. वयोगट एका तारखेवर कापलेला असतो. ती तारीख 1 जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल एकाच गटात येतं. नवव्या वर्षी हे अंतर आयुष्याच्या नवव्या हिश्शाएवढं असतं: उंची, वेग, धक्का सोसण्याची ताकद, सगळंच वेगळं. त्यामुळे निवडलेल्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त सापडतात, आणि कोचला वाटतं आपण गुण निवडले. संघातल्या मुलांचे जन्ममहिने सहज गप्पांत विचारून बघा. सोळापैकी दहा-बारा पहिल्या तीन-चार महिन्यांतले निघाले तर तिथे शरीर बघून निवड होते. अशा क्लबात उशिरा वाढणारं मूल दोन वर्षं बचावात उभं राहून लांब चेंडू मारत बसतं. उलट काही क्लब अधूनमधून वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून खेळवतात. असं काही दिसलं तर तिथल्या माणसांना विषय कळतो, एवढं नक्की.

लहान गटातल्या करंडकांचंही तेच. दहा वर्षांखाली जिंकायचा सोपा उपाय म्हणजे एक उंच, पळणारा पोरगा पुढे ठेवायचा आणि गोलीपासून सगळ्यांनी चेंडू त्याच्याकडे उडवायचा. ढाल मिळते. तेराव्या वर्षी 11 विरुद्ध 11 सुरू होतं, मैदान मोठं होतं, समोरचे बचावपटूही उंच झालेले असतात, आणि त्या संघातल्या कोणालाच दबावाखाली चार पास जोडता येत नाहीत.

आता सराव. न सांगता जावं, कडेला उभं राहावं, आणि आपलं नव्हे तर यादीतलं मधलं एखादं मूल निवडून त्याच्यावर दहा मिनिटं नजर ठेवावी. सगळ्यात ओळखीचं दृश्य असं: एक गोल, त्याच्यासमोर सोळा मुलांची रांग, कोच चेंडू सारतो, मूल मारतं, चेंडू आणायला धावतं, परत शेपटाला. एका मुलाचे पंधरा सेकंद धरले तर नंबर चार मिनिटांनी येतो. वीस मिनिटांच्या या ‘शूटिंग’मध्ये प्रत्येकाला पाच फटके मिळतात आणि बाकी वेळ पुढच्याची जर्सी ओढायला. त्याच जागेत, त्याच सोळा मुलांत शंकू लावून 4 विरुद्ध 4 ची दोन छोटी मैदानं होतात. तिथे चेंडू सतत पायाशी, शिवाय प्रत्येक फटक्याआधी अंगावर येणारा कोणीतरी. रांगा, मैदानाच्या फेऱ्या आणि भाषणं या तिन्हींत मिळून नव्वदपैकी पंचवीस मिनिटांहून जास्त जात असतील तर कोच तयारी करून येत नाही. प्रत्येक मुलामागे एक चेंडू आहे का, तेही बघावं. मापही: सात वर्षांपर्यंत 3 नंबर, आठ ते बारा 4, तेरापासून 5. दहा वर्षांच्या पोराला 5 नंबरचा चेंडू देणाऱ्या ठिकाणी घोटा तिरपा करून टोचायची सवय लागते आणि ती सुटता सुटत नाही.

वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या नव्हेत. फिफाचा ‘11+’ हा 15 व्यायामांचा, वीसएक मिनिटांचा क्रम 14 वर्षांपुढच्यांसाठी आहे आणि लहानांसाठी त्याचीच वेगळी ‘किड्स’ आवृत्ती आहे. तो नेमाने करणाऱ्या संघांत दुखापती कमी होतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. फुकट आहे, साधन लागत नाही, तरी कित्येक ठिकाणी कोणी करत नाही. चांगला क्लब ओळखायची ही सगळ्यात स्वस्त खूण.

दुखण्यांबाबत क्लब काय बोलतो, तेही कान देऊन ऐकावं. उंची झपाट्याने वाढते त्या काळात टाचेमागे दुखणं (सीव्हर) आणि गुडघ्याच्या वाटीखाली हाडावर दुखरा उंचवटा येणं (ऑसगुड-श्लॅटर) हे धावणाऱ्या मुलांत नेहमीचं. वाढीच्या कोवळ्या जागी स्नायुबंध ओढला जातो म्हणून ते होतं, आणि त्यावर भार कमी करणं हाच मुख्य उपाय. ‘वाढत्या वयात चालायचंच, पळ’ म्हणणारा कोच महिन्याचं दुखणं हंगामभर पुरवतो. डोक्याला मार लागून मूल गोंधळलं तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, यात घासाघीस नाही. हेडिंगचंही (डोक्याने चेंडू मारण्याचं) विचारावं: अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने 2015 मध्ये दहा वर्षं व त्याखालच्या मुलांना हेडर बंद केला, आणि नंतर इतर ठिकाणीही बंधनं आली. आठवड्याला संघटित खेळाचे तास वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत आणि एक-दोन दिवस पूर्ण सुटी असावी, असा क्रीडावैद्यकातला सर्वसाधारण सल्ला. क्लब, शाळेचा संघ आणि वर खासगी कोचिंग असं तिन्ही चालू असेल तर ही बेरीज कोणीच करत नाही. क्लब फक्त आपले तास मोजतो.

फीकडे येऊ. छापलेला आकडा कधीच शेवटचा नसतो. स्पर्धांच्या प्रवेशिका, कोचचा प्रवास आणि मुक्काम, पंचांचं मानधन, विमा, किटचे दोन संच आणि सरावाचा तिसरा: यातलं काय आत आणि काय वर, हे लेखी घ्यावं. बऱ्याच ठिकाणी काही वर्षांनी किट बदलतं, त्यामुळे हंगामाच्या शेवटी आत शिरणाऱ्याने जुनंच किट गळ्यात पडत नाही ना, एवढं विचारावं. तुलना करायची ती तासाच्या दराने. 36 आठवडे, दोन सराव, दीड तास म्हणजे 108 तास. मैदान मिळालं नाही, पाऊस लागला म्हणून बारा सराव बुडाले आणि भरून दिले नाहीत तर 18 तास गेले, म्हणजे सहावा हिस्सा. भरपाईचं धोरण विचारलं की कार्यालयातला चेहरा बघण्यासारखा होतो.

बुटांवर उगाच खर्च होतो, पण चुकीचा. गवतासाठीचे लांब स्टड (बुटाच्या तळाचे खुंट) कृत्रिम टर्फवर रुततात, वळताना पाय अडकतो आणि पीळ गुडघ्याला बसतो. सराव टर्फवर असेल तर आखूड आणि जास्त स्टडचे घ्यावेत. शिनगार्ड (नडगीवरची कवचं) पूर्ण मोज्याखाली झाकलेले हवेत, आणि कानातलं-कडं काढूनच यावं; वर टेप लावून चालत नाही, पंच बाहेर काढतो.

कोच मुलाला खासगी मेसेज करतो का, की गटात पालकही असतात? प्रवासात मुलांबरोबर मोठी माणसं किती? याला तयार, लिहिलेलं उत्तर नसेल तर बाकीचं सगळं चांगलं असूनही नको.

या सेवेचा सगळ्यात कच्चा भाग म्हणजे बाहेर पडणं. करार बहुधा पूर्ण हंगामाचा असतो. मूल ऑक्टोबरात कंटाळलं किंवा पाय मोडला तरी हप्ते चालू. दुखापत आणि स्थलांतर यांसाठी परताव्याचं कलम आहे का, ते सही करण्याआधी बघावं, नंतर बघून उपयोग नाही. नोंदणी एका क्लबकडे असताना दुसरीकडून लीग खेळता येत नाही, आणि फीचं येणं बाकी आहे म्हणून नोंदणीचं कार्ड अडवून ठेवायचा प्रकार होतो. तेव्हा प्रत्येक पावती आणि प्रत्येक हंगामाच्या नोंदणीची प्रत घरी असू द्यावी. फिफाच्या नियमात पुढे कधी व्यावसायिक बदली झाली तर रकमेतला 5 टक्के हिस्सा 12 ते 23 वर्षांच्या काळात खेळाडू घडवणाऱ्या क्लबांना वाटला जातो, आणि तो याच नोंदींवरून ठरतो. तो हिस्सा क्लबांचा, क्लबांनी आपसात मिळवायचा. त्या नावाखाली पालकांकडून आज ‘भविष्यातील उत्पन्नातील वाटा’ लिहून घेणारा कागद समोर आला तर पेन खिशात ठेवावं आणि तो कागद वकिलाला दाखवावा.