२७ इंची फोरके मॉनिटर फोटो एडिटिंगसाठी: आठ महिन्यांनंतर

आठ महिने झाले हा घेऊन. २७ इंच, ३८४० बाय २१६०, आयपीएस पॅनल (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा प्रकार). कंपनी कुठली ते लिहीत नाही, मॉडेलं दर वर्षी बदलतात, बघायच्या गोष्टी त्याच राहतात.

आधी माझ्याकडे २४ इंची फुल एचडी होता, इंचाला ९२ पिक्सेलवाला, आणि याच्यावर १६३ आहेत, त्यामुळे पहिल्या दिवशी जुने फोटो उघडून बघितले तर अक्षरशः चष्मा पुसल्यासारखं वाटलं, पापण्या, कापडाची वीण, सगळं दिसायला लागलं. २४ मेगापिक्सेलचा फोटो १०० टक्के झूमवर ठेवला की आता त्याचा एक तृतीयांश भाग एका वेळी दिसतो, पूर्वी बाराव्या हिश्श्याएवढा दिसायचा. खूश होतो मी.

आणि इथेच फसलो. पिक्सेल इतके बारीक की १०० टक्क्यांवर सगळंच शार्प दिसतं, नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, तर दिसतच नाही, म्हणून पहिले दोनतीन आठवडे जे फोटो एडिट केले त्यात नॉइज काढायचाच राहून गेला आणि शार्पनिंग (कडा ठळक करणं) सढळ हाताने झालं, कारण स्लायडर कितीही ओढला तरी फरक जाणवायचा नाही. मग तेच फोटो जुन्या मॉनिटरवर बघितले, केसांच्या कडेला पांढऱ्या रेघा! आता शार्पनिंग आणि नॉइज २०० टक्क्यांवर बघतो. हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरी फजिती प्रिंटची. प्रिंट काळपट आल्या, मी लॅबवाल्यांशी भांडायच्या तयारीत, आणि चूक निघाली माझीच, मॉनिटर डब्यातून काढला तसा ३५० निट्सवर (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) धडधडत होता आणि त्यावर मी फोटो 'बरोबर' दिसेपर्यंत खाली आणत होतो. प्रिंटसाठी ८० ते १२० निट्स पुरतात. मी खोलीचा उजेड मंद करून १०० वर ठेवलाय. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटते, मग डोळ्याला सवय होते.

आता रंग. डब्यात एक कागद आला होता, कारखान्यात कॅलिब्रेट केलंय, म्हणजे रंग मोजून बरोबर केलेत, डेल्टा ई (रंगातली चूक मोजायचा आकडा) २ च्या आत वगैरे. कागद खोटा नव्हता, पण तो ठरावीक मोडपुरताच खरा होता, आणि त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलायची सोयच बंद! म्हणून कलरिमीटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र, लागतोच. बजेट अडत असेल तर थोडा साधा मॉनिटर घ्या पण कलरिमीटर घ्या, या मतावर मी ठाम आहे. मी ६५०० केल्व्हिन (पांढऱ्याची छटा), गॅमा २.२ (मधल्या छटा किती उजळ दिसतात ते) वर कॅलिब्रेट करतो, महिन्यातून एकदा करायचं ठरवलं होतं, खरं सांगायचं तर दोन महिन्यांतून एकदा होतं.

जास्त गॅमट (स्क्रीन दाखवू शकते तो रंगांचा आवाका) म्हणजे जास्त चांगलं असंही काही नाही. हा एसआरजीबी (वेबवर चालणारा नेहमीचा रंगांचा संच) पूर्ण दाखवतो आणि ॲडोबी आरजीबी या त्याहून मोठ्या संचाचा बराच भाग, पण तुमचे फोटो वेबवर किंवा मोबाइलवरच बघितले जाणार असतील तर एसआरजीबी नीट दाखवणारा मॉनिटर पुरे. वाइड गॅमटवर कलर मॅनेजमेंट (फोटोचे रंग स्क्रीनला जुळवून दाखवणं) नसलेलं ॲप उघडलं की माणसांचे चेहरे टोमॅटोसारखे दिसतात, आणि मग कुठला रंग खरा याचाच गोंधळ.

पहिला पीस मी परत केला. मधे सगळं छान, पण करडी स्क्रीन लावली की उजवी बाजू पिवळसर, आणि खालच्या कोपऱ्यातून उजेड गळायचा. सपोर्टवाल्यांचं म्हणणं हे नॉर्मल आहे. थोडा ग्लो आयपीएसला असतोच, मान्य, पण पांढरी भिंत एका बाजूला पिवळी दिसली तर व्हाइट बॅलन्स करायचा कसा? दोन आठवडे ईमेल केल्यावर बदलून दिला. त्यामुळे घेतल्याबरोबर पूर्ण काळी आणि पूर्ण करडी स्क्रीन लावून बघा, परत करायची मुदत संपायच्या आत.

छोट्या गोष्टी. ४के ला विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्के ठेवलं, नाहीतर मेनू मुंगीएवढे. जुन्या एचडीएमआय १.४ वरून जोडला तर ३० हर्ट्झवरच चालतो, माउस अडखळतो, डिस्प्लेपोर्ट लावा. एचडीआर ४०० चा (उजळ-गडदातला फरक जास्त दाखवायची सोय) स्टिकर आहे, त्याचा एडिटिंगला उपयोग शून्य, एकदा चालू केलं आणि बंद केलं. स्टँड दणकट आहे, उभा फिरतो, पोर्ट्रेट एडिट करताना मजा येते. बटणं मात्र मागच्या बाजूला, आठ महिन्यांनीही चुकीचंच दाबतो.

३२ इंची घेऊ का असं दोघातिघांनी विचारलं. त्यावर इंचाला १३८ पिक्सेल पडतात, वाईट नाही, पण माझं टेबल खोल नाही आणि एवढ्या जवळून कडेचा रंग बघायला मान वळवावी लागते. टेबल मोठं असेल तर खुशाल घ्या.

जुना फुल एचडी विकला नाही, शेजारी ठेवलाय. त्याचे रंग याच्याशी कधीच जुळले नाहीत, जुळवायचा नाद सोडला. फोटो पाठवायच्या आधी एकदा त्याच्यावर टाकून बघतो, बहुतेक लोकांच्या स्क्रीन तसल्याच असतात.