पायटेस्ट आणि व्हीएस कोडमधला चंबू: साडेतीन तारे

दारव्ह्याजवळ आमचं गाव. दिवाळी झाली की घरोघरी कापसाचे ढीग. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर गाडी भरून न्यायची आणि ओलावा जास्त निघाला की तशीच परत आणायची, म्हणजे भाडं दोनदा अंगावर. म्हणून मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला: ओलावा टाका, भाव पाहा. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढं दर टक्क्याला भावात एक टक्का कपात, १२ च्या वर माल घेत नाहीत. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७५२१ रुपये होता, म्हणजे १० टक्के ओलाव्याला क्विंटलमागं ७३७० रुपये ५८ पैसे.

प्रोग्राम बरोबर उत्तर देतो का, हे पाहणाऱ्या चाचण्या पायटेस्टमध्ये, म्हणजे पायथॉनच्या चाचण्या चालवणाऱ्या साधनात, लिहिल्या. व्हीएस कोड या कोड लिहायच्या ॲपमध्ये डावीकडच्या पट्टीत शाळेतल्या प्रयोगशाळेसारखा चंबू दिसतो, तो दाबून चालवल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. मी खूश.

आठवड्यानं मोठे काका दारात. "काहून बे, साडेबारा ओलाव्यावरबी भाव दाखवून रायलं तुयं यंत्र?"

साडेबाराची चाचणी मी लिहिली होती, शपथेवर सांगतो. पण त्या फाईलचं नाव ठेवलं होतं 'ओलावा_तपासणी'. पायटेस्ट फाईल ओळखतं ती नावावरून: सुरुवातीला 'टेस्ट' नि अंडरस्कोर, नाहीतर शेवटी अंडरस्कोर नि 'टेस्ट'. आतल्या फंक्शनचं नावही 'टेस्ट'नंच सुरू व्हायला पाहिजे. माझी फाईल त्यानं उघडूनही पाहिली नाही. तक्रार नाही, इशारा नाही. बाकीच्या दोन फाईली हिरव्या होत्या, तिसरी यादीतच नव्हती, आणि जे यादीत नाही ते डोळ्याला कसं दिसणार? नाव बदललं तशी चाचणी लाल झाली. दोष माझाच: मी ओलावा आधी पूर्णांकात आणत होतो, आणि पायथॉनचा राउंड साडेबाराचे तेरा नाही, बारा करतो. बरोबर अर्ध्यावर आकडा आला की तो सम संख्येकडं झुकतो. शाळेत हे कोणी शिकवलं नव्हतं.

ते शोधतानाही चंबूनं एक तास खाल्ला. ओळीवर लाल ठिपका लावून डीबग करायला, म्हणजे प्रोग्राम तिथं थांबवून चूक शोधायला गेलो, तर प्रोग्राम ठिपक्यावरून सरळ निघून जायचा, एस्टी विनंती थांबा सोडून जाते तसा. कारण निघालं कव्हरेज, म्हणजे चाचण्यांत कोडच्या किती ओळी चालल्या ते, मोजणारं प्लगइन. पायथॉनची कोडवर नजर ठेवायची जी सोय डीबगर वापरतो, तीच कव्हरेजही वापरतं, आणि दोघांचं एका खाटेवर जमत नाही. सेटिंगमध्ये पायटेस्टच्या पर्यायांत 'नो-कव्ह' टाकलं, ठिपका थांबायला लागला. मध्येच लाइन गेली, तो हिशेब वेगळा.

दोन वेगळ्या फोल्डरांत एकाच नावाच्या चाचणी-फाईली ठेवल्या की पायटेस्ट अडतं, तेही होऊन गेलं. नावं वेगळी ठेवा, विषय संपला.

तरी पायटेस्ट सोडणार नाही. १.१ क्विंटलच्या तीन खेपांची बेरीज पायथॉन ३.३००००००००००००००३ सांगतो, तिथं पायटेस्टचं ॲप्रॉक्स लावलं की दहालाखात एकाएवढा फरक ते चालवून घेतं. चूक दाखवताना दोन्ही बाजूंच्या किमती समोर मांडतं. आणि फुकट आहे. माझे पाच तारे पायटेस्टला, दोन चंबूला; वरचे साडेतीन ही त्यांची सरासरी.

आता मी आधी टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) पायटेस्टला 'कलेक्ट-ओन्ली' देतो. चाचण्या न चालवता ते नुसती यादी नि शेवटी आकडा देतं. माझा आकडा ३४, भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय. ३३ आला की चंबूला हातही लावत नाही, आधी फाईलींची नावं पाहतो.