पॉकेट स्पेक्ट्रोस्कोप: सात-आठ महिने वापरल्यावर

बीएस्सीच्या पोरांना शिकवतो म्हणून हा प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारा स्पेक्ट्रोस्कोप ऑनलाइन मागवला, स्वस्तातलाच आहे, एका टोकाला बारीक फट, दुसरीकडे ग्रेटिंगची फिल्म (अतिशय बारीक रेघांची, रंग वेगळे करणारी) आणि आत प्रकाशाची तरंगलांबी वाचायला नॅनोमीटरची पट्टी. वस्तू चांगली आहे पण जाहिरातीत लिहिलंय तेवढी नाही.

पहिलं म्हणजे पट्टीवर विश्वास ठेवू नका. जुना सीएफएल (पाऱ्याची वाफ असलेला दिवा) लावून बघा, पाऱ्याची हिरवी रेघ ५४६ ला यायला हवी, माझ्याकडे ती ५५५ च्या आसपास दिसते, तो नऊचा फरक वजा करूनच वाचायचं. त्याच सीएफएलमध्ये ६११ जवळ झकास तांबडी रेघ दिसते आणि सगळे ती पाऱ्याची समजतात, ती नळीच्या आतल्या पावडरमधल्या युरोपियमची असते. एलईडीत मात्र काही मजा नाही, नुसता पसरट पट्टा, आणि आता रस्त्यावरचे सोडियमचे दिवेसुद्धा गेले.

खरा पैसा वसूल झाला तो कॉलेजच्या लॅबमध्ये हायड्रोजनच्या ट्यूबवर (घरी नको, हजारो व्होल्टचा सप्लाय असतो). ६५६ ला लाल, ४८६ ला निळसर हिरवी, ४३४ ला जांभळी जरा फिकट, आणि मधे काळोख!! अणूत अडकलेल्या इलेक्ट्रॉनला वाटेल ती एनर्जी घेता येत नाही हे पोरं फळ्यावर शंभरदा लिहून घेतात पण तो काळोख बघितल्यावर स्वतःहून विचारतात की मधले रंग गेले कुठे. मग तिथेच लाल रेघेचं गणित करायचं, इलेक्ट्रॉनच्या एनर्जीची तिसरी पातळी उणे १.५१, दुसरी उणे ३.४० इलेक्ट्रॉन व्होल्ट, फरक १.८९, आणि १२४० ला (इलेक्ट्रॉन व्होल्टवरून नॅनोमीटर काढायचा ठरलेला आकडा) त्याने भागलं की ६५६ हजर. बामर हा स्वित्झर्लंडचा शाळामास्तर, त्याने १८८५ मध्ये याच रेघांच्या आकड्यांवरून सूत्र बसवलं पण ते का बसतं हे कुणालाच सांगता येईना, ते बोर या भौतिकशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये सांगितलं. त्याने मानलेल्या इलेक्ट्रॉनच्या गोल कक्षा पुढे श्रोडिंगरच्या १९२६ च्या समीकरणाने बाद झाल्या, पातळ्यांचे आकडे मात्र तेच राहिले. माझ्या मते शिकवताना आधी रेघा दाखवाव्यात, वेव्ह फंक्शन (त्या समीकरणातून निघणारं इलेक्ट्रॉनचं गणिती वर्णन) नंतर.

तक्रार एकच मोठी. सोडियमच्या पिवळ्या दोन रेघा, ५८९.० आणि ५८९.६, वेगळ्या दिसतील असं लिहून विकतात, साफ खोटं. गॅसवर मिठाचं पाणी शिंपडून बघा, एकच रेघ दिसते. ती फूट इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे (त्याचा एक अंगभूत गुण, त्यामुळे तो छोट्या चुंबकासारखा वागतो) पडते आणि ती बघायला लॅबमधला मोठा स्पेक्ट्रोमीटरच लागतो.

दिवसा पांढऱ्या ढगाकडे धरला तर सूर्याच्या काळ्या रेघाही दिसतात, ४८६ ची तर नक्की. सूर्याकडे थेट अजिबात धरू नका, डोळे जातील. आणि फिल्म कापडाने पुसायची नाही, धूळ फुंकून काढा, माझ्या एका विद्यार्थ्याने रुमालाने पुसली आणि आता अर्धा स्पेक्ट्रम धुरकट दिसतो.